डॉक्टर इतार आणि खिशातली चार अक्षरं

मॉंटेसरी हे नाव आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गल्लीबोळातल्या बालवाड्यांच्या पाट्यांवर ते असतंच. पण या मारिया मॉंटेसरीबाईंनी ज्याचं लिखाण स्वतःच्या हाताने, ओळ न् ओळ इटालियनमध्ये उतरवून काढलं, तो ज्याँ मार्क गास्पार इतार मात्र मराठीत फारसा कुणाच्या ओळखीचा नाही. जगभरच्या सिनेमावाल्यांना तो माहीत आहे. फ्रान्स्वा त्रुफो या दिग्दर्शकाने १९७० साली त्याच्यावर सिनेमा काढला आणि इतारची भूमिका स्वतःच केली. मीही आधी सिनेमा पाहिला आणि मग माणसाकडे वळले. वळल्यावर कळलं की सिनेमा जिथे थांबतो तिथून पुढचं आयुष्य जास्त अवघड आहे, आणि आज ज्या घरात एखादं लहान मूल स्पीच थेरपीला किंवा ऑक्युपेशनल थेरपीला जातं, त्या घराशी तोच भाग जास्त बोलतो.

इतारला मी ‘तो’ म्हणणार आहे. डॉक्टरला असं एकेरी बोलवणं आपल्याकडे बरं दिसत नाही, पण ही गोष्ट सुरू होते तेव्हा तो जेमतेम २६ वर्षांचा होता. माझ्याहून पाचच वर्षांनी मोठा.

त्याचा जन्म १७७४ चा, दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागात ओरेझों या छोट्या गावी. घरच्यांनी त्याला व्यापारात घालायचं ठरवलं होतं. पण फ्रेंच राज्यक्रांती झाली, तरुण पोरांना सैन्यात ओढायला लागले, आणि त्यातून वाचवायला त्याला ओळखीने लष्करी इस्पितळात चिकटवण्यात आलं. वैद्यकाचा गंध नव्हता. जखमा बांधता बांधता तो डॉक्टर झाला असं म्हटलं तरी चालेल. पुढे लारे नावाच्या नामांकित सर्जनच्या हाताखाली शिकला, पॅरिसला आला आणि १८०० साल संपता संपता तिथल्या बहिऱ्या-मुक्या मुलांच्या सरकारी संस्थेत डॉक्टर म्हणून लागला. ही संस्था सँ-जाक रस्त्यावर होती आणि तिचे प्रमुख होते सिकार नावाचे धर्मगुरू. संस्थेची मुळं ज्या शाळेत, ती शाळाही दलेपे नावाच्या धर्मगुरूंनीच सुरू केलेली. तिथली मुलं हातांच्या खुणांनी बोलत, आणि वर्गातही खुणांची भाषा वापरली जाई. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वर्षीच्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, आव्हेरों भागातल्या सँ-सेर्नाँ गावात एक मुलगा जंगलातून आला. वय अकरा-बारा असावं. अंगावर फाटक्या सदऱ्याच्या चिंध्या, गळ्यावर मोठा जुना व्रण. कातडी कमावणाऱ्या एका माणसाच्या बागेत तो सापडला. बोलत नव्हता, कुणी बोललं तर वळून बघत नव्हता. पोळणारे बटाटे निखाऱ्यांतून हाताने उचलून खायचा. त्याला आधी अनाथाश्रमात, मग रोदेझला बोनातेर नावाच्या निसर्गाभ्यासक धर्मगुरूंकडे आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला नेलं. पॅरिस नुसतं लोटलं त्याला बघायला. लोकांना पुस्तकातला निरागस रानटी माणूस हवा होता. दिसलं ते पुढे-मागे डोलणारं, चावणारं, नजर कुठेच न ठरणारं पोर. पंधरा दिवसांत गर्दी पांगली.

मग तज्ज्ञांनी तपासलं. पिनेल हे त्या काळचे मानसोपचारातले सगळ्यात मोठे नाव, वेड्यांच्या साखळ्या काढणारे म्हणून आजही त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी निर्वाळा दिला की मुलगा जन्मजात मतिमंद आहे, शिकणार नाही. म्हणूनच घरच्यांनी त्याला रानात टाकला असणार. इतारला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं उलट होतं: मूल माणसांत वाढलं नाही म्हणून असं झालं, माणसांत आणलं की सुधारेल. आज काही अभ्यासक त्या मुलात ऑटिझमच्या खुणा पाहतात, म्हणजे पिनेल अगदीच चुकीचे होते असंही नाही. पण मला दोघांच्या निदानापेक्षा एक वेगळा फरक मोठा वाटतो. पिनेल यांच्या निदानानंतर करण्यासारखं काही उरत नव्हतं. इतारच्या निदानानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काहीतरी करावं लागत होतं.

आणि त्याने काय केलं ते ऐकून आजचा थेरपिस्ट हसेल, कारण ओळखीचंच आहे सगळं. पहिलं काम म्हणजे शिकवायचंच नाही. मुलाला जे आवडतं ते करू द्यायचं: खाणं, झोपणं, मोकळ्या रानात पळणं, पहिला बर्फ पडला की अर्ध्या कपड्यांत बागेत जाऊन त्यात लोळणं. इतारने त्याला सांभाळायला मादाम गेराँ नावाच्या बाई नेमल्या. यांना मात्र मी अहो-जाहोच करणार. त्या त्याला रोज लक्झेंबर्ग बागेत आणि वेधशाळेच्या आवारात फिरायला नेत. संध्याकाळची दूध-पावाची सवयही तिथलीच.

मग आली इंद्रियांची पाळी. मुलाला थंडी-ऊन कळत नव्हतं, नाकात तपकीर भरली तरी शिंक येत नव्हती. पाठीमागे बंदुकीचा बार काढला तरी तो दचकत नसे, पण अक्रोड फुटल्याचा बारीकसा आवाज झाला की लगेच मान वळवायचा. म्हणजे कान चांगले होते. कशाला प्रतिसाद द्यायचा ते वेगळं होतं. इतारने त्याला रोज दोन-तीन तास कढत पाण्यात बसवलं. काही आठवड्यांनी मुलगा बोट बुडवून पाणी कोमट असेल तर आत जायला नकार देऊ लागला. थंडी वाजायला लागली तसे कपडे हवेसे झाले. मग सकाळी कपडे हाताशी ठेवायचे आणि अंगात चढवून द्यायचे नाहीत. काही दिवसांनी तो आपले आपण घालायला लागला. आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपी म्हटलं की लोकांना वाटतं कसलीतरी मशिनं असतील. बटण लावणं, चमचा धरणं, ओल्या-कोरड्याचा, गार-गरमचा स्पर्श सोसणं, हेच तर तिथे चालतं.

माझा मावसभाऊ चार वर्षांचा आहे. आठवड्यातून दोनदा त्याला थेरपीला न्यावं लागतं, शनिवारची पाळी माझी. तिथे तांदळाने भरलेला टब आहे. त्यात हात घालून लपवलेली खेळणी शोधायची. पहिले दोन महिने तो टबाजवळ जायलाही तयार नव्हता, तांदूळ बोटाला लागले की किंचाळायचा. आता कोपरापर्यंत हात घालतो. तिथे लाकडाच्या कपाखाली गोळी लपवून कप फिरवायचाही खेळ आहे. इतारचं लिखाण वाचताना मी चमकलेच: त्याने चांदीचे पेले उपडे घालून एकाखाली चेस्टनट लपवला होता, आणि मुलगा आधी खाण्यासाठी आणि नंतर निव्वळ खेळासाठी तो शोधून काढत होता. लक्ष टिकवायचा खेळ. दोनशे वर्षांत पेला तेवढा बदलला.

मुलाला नावही याच सुमारास मिळालं. ‘ओ’ हा स्वर कानावर पडला की तो वळून बघायचा, म्हणून शेवटी ओ येणारं व्हिक्टोर हे नाव ठेवलं. आपण व्हिक्टर म्हणू.

आता बोलण्याकडे. इतारला सगळ्यात जास्त हवं होतं ते हेच. बोलणं आलं तर मूल माणसांत आलं, असा त्याचा हिशोब. व्हिक्टरला तहान लागली की पाणी लांब धरायचं आणि ते मागायचा शब्द त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा म्हणायचा, म्हणजे गरजेपोटी तोही म्हणेल. नाही म्हणाला. तळमळला, हात पुढे केले, फुत्कार टाकले. मग दुधावर प्रयोग केला. चौथ्या दिवशी व्हिक्टरच्या तोंडून ‘ले’ निघालं. फ्रेंचमध्ये ले म्हणजे दूध. इतारला किती आनंद झाला असेल! पण लवकरच त्याने स्वतःच त्यातली हवा काढली. व्हिक्टर दूध मागताना ‘ले’ म्हणत नव्हता, दूध मिळाल्यावर म्हणत होता. म्हणजे ही मागणी नव्हे, नुसता आनंदाचा उद्गार. इतारच्या हिशोबात हे पास झालं नाही.

मला हा हिशोब तेव्हाही खटकला आणि आताही खटकतो. मूल आनंदाने एक शब्द उच्चारतंय आणि तुम्ही त्याला व्याकरण विचारताय?

शिवाय तो मागत नव्हता असं कुठे होतं? याच इतारने टिपून ठेवलंय की व्हिक्टर पाहुण्यांचा कंटाळा आला की त्यांची काठी, हातमोजे, टोपी आणून हातात द्यायचा आणि हळूच दाराकडे ढकलायचा. आवारातल्या एकचाकी ढकलगाडीत बसवून कुणी फिरवावं असं वाटलं की माणसाला हाताला धरून आणायचा, गाडीच्या दांड्या त्याच्या हातात द्यायचा आणि आत जाऊन बसायचा. ऐकलं नाही तर खाली उतरून, स्वतः चार पावलं गाडी ढकलून दाखवायचा आणि पुन्हा बसायचा. यापेक्षा स्पष्ट वाक्य कसं असतं?

आणि ती चार अक्षरं. दूध या फ्रेंच शब्दाच्या स्पेलिंगमध्ये चार अक्षरं येतात. इतारने सुटी अक्षरं करून घेतली होती आणि व्हिक्टर दूध दिसलं की ती चार ओळीने लावायला शिकला होता. इतारला वाटे, नुसतं पाठांतर. एका संध्याकाळी व्हिक्टर वेधशाळेजवळच्या त्या दुधाच्या घरी निघाला तेव्हा निघताना कुणी न सांगता त्याने ती चार अक्षरं उचलून खिशात घातली. तिथे पोचल्यावर टेबलावर काढली आणि लावून दाखवली. कुणी शिकवलं नव्हतं की ही अक्षरं घराबाहेरही चालतात. आज थेरपीत न बोलणाऱ्या मुलांना चित्रांची वही देतात, टॅबलेट देतात, बोट ठेवून मागायला शिकवतात. माझ्या मावसभावाच्या गळ्यात अशी एक छोटी वही असते. घरातल्या मोठ्यांना तिची भीती वाटते, की चित्र दाखवायची सवय लागली तर पोरगा कधी बोलणारच नाही. अभ्यास तसं सांगत नाहीत. चित्रांमुळे बोलणं अडत नाही, कित्येकदा सोपंच होतं. आजीला हे मी दर रविवारी मिसानंतर समजावते आणि ती दर रविवारी तेवढंच विचारते की बोलतो का. इतारसुद्धा तेच विचारत होता.

आता त्या खुणांकडे येऊ. व्हिक्टर ज्या आवारात राहत होता तिथे डझनावारी मुलं दिवसभर हातांनी बोलत होती. इतारने त्याला ती भाषा शिकवलीच नाही. सुटी अक्षरं शिकवली, फळ्यावर काढलेल्या किल्ली-कात्रीच्या आकृतीशी वस्तू जुळवायला शिकवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून घंटा आणि ढोलाचा आवाज ओळखायला शिकवलं, पण शेजारच्या मुलांची भाषा नाही. हे मला या चरित्रातलं सगळ्यात मोठं कोडं वाटतं, आणि सगळ्यात मोठं नुकसानसुद्धा.

शिकवताना त्याचा तोल जात असे, हेही सांगायला हवं. आणि त्याने ते लपवलं नाही. १८०१ आणि १८०६ च्या अहवालांत स्वतःच लिहून ठेवलं. स्वर ओळखायचा एक खेळ होता: डोळ्यांवर पट्टी, आणि प्रत्येक स्वराला एक बोट वर करायचं. व्हिक्टरला तो इतका आवडला की तो नुसता हसायचा आणि कुठलंही बोट वर करायचा. इतारने पट्टी काढून धाकाने बघितलं, मग चुकलं की बोटावर ढोलाच्या काठीने टिचकी मारायला सुरुवात केली. व्हिक्टरला वाटलं हाही खेळातलाच भाग. तेव्हा काठी जरा जोरात बसली. व्हिक्टरचा चेहरा पडला. त्यानंतर पट्टी बांधली की तो घाबरून जायचा आणि जे ओळखत होता तेही ओळखेना. खेळ गेला आणि स्वरही गेले. दुसऱ्या एका प्रसंगी व्हिक्टर सारखा आकांत करतो म्हणून इतारने त्याला उचलून वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर उलटा धरला. आत घेतला तेव्हा मुलगा पांढराफटक पडला होता. त्याने मुकाट्याने पत्ते उचलून धडा पुरा केला, मग पलंगावर जाऊन रडला. इतारने त्याला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. डॉक्टर म्हणून तो हे नोंदवतो. मला ते पान पुढे वाचवेना, जरा वेळाने वाचलं.

तोच इतार रात्री व्हिक्टरच्या पलंगावर जाऊन बसायचा आणि व्हिक्टर त्याचे हात घेऊन आपल्या डोळ्यांवर, कपाळावर ठेवायचा, हेही खरं आहे.

पण घर चालत होतं ते मादाम गेराँच्या जिवावर. त्यांच्याकडे कुठलीही पद्धत नव्हती. जेवू घालणं, फिरवून आणणं, परत आल्यावर हाताला धरणं. त्यांच्या तोंडचं ‘देवा रे’ अशा अर्थाचं फ्रेंच बोलणं व्हिक्टरने कुणी न शिकवता उचललं आणि आनंद झाला की तो ते म्हणायचा. त्यांची मुलगी ज्युली घरी यायची तेव्हा तो ‘ली, ली’ असं हळू, गोड पुटपुटायचा, रात्री जाग आली तरी. अहवालात हे शब्द कोपऱ्यात येतात, कारण ते अभ्यासक्रमात नव्हते. एकदा व्हिक्टर पळून गेला आणि भटक्या म्हणून पकडला गेला. मादाम सोडवायला गेल्या. त्यांना बघताच तो क्षणभर बेशुद्धच झाला आणि शुद्धीवर येऊन असा आनंदला, की बघणाऱ्यांना वाटलं आई-मुलगाच आहेत. पुढे मादामचे पती वारले. व्हिक्टरचं रोजचं काम जेवणाचं टेबल मांडायचं. त्या दिवशीही त्याने नेहमीप्रमाणे त्यांचं ताट मांडलं. मादाम रडू लागल्या. त्याने ताट उचलून कपाटात ठेवलं आणि पुन्हा कधी मांडलं नाही.

१८०६ मध्ये इतारने शिकवणं थांबवलं. पाच वर्षं झाली होती. मुलगा वाचत होता थोडंफार, लिहीतही होता, घरकामात मदत करत होता, प्रेम करत होता, बोलत नव्हता. इतारने हे अपयश मानलं. सरकारने मादाम गेराँना व्हिक्टरला सांभाळण्यासाठी वर्षाला १५० फ्रँक देण्याचं ठरवलं. संस्थेपासून जवळच एका बोळातल्या घरात ते दोघं राहत होते. व्हिक्टर तिथेच १८२८ साली वारला, चाळिशीच्या आसपास.

इतार त्याच संस्थेत राहिला, आयुष्यभर. नाव मोठं झालं. १८२१ मध्ये कानाच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ आला आणि कानाच्या वैद्यकाचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना होऊ लागली. १८२५ मध्ये त्याने एका सरदार घराण्यातल्या बाईच्या विचित्र झटक्यांचं आणि ओरडण्याचं वर्णन केलं. पुढे त्या आजाराला तूरेत या दुसऱ्याच डॉक्टरचं नाव पडलं. पण याच वर्षांत त्याने बहिऱ्या मुलांना ऐकू यावं म्हणून जे केलं ते वाचवत नाही. कानाला विजेचे झटके, मानेला जळवा, कानाचे पडदे टोचणं. एक मुलगा त्यात दगावला. मुलाला दुरुस्त करायचंच, हा हट्ट व्हिक्टरच्या वेळचाच होता, फक्त इथे मधे मादाम गेराँ नव्हत्या. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याला मान्य करावं लागलं की औषधाने हे होत नाही आणि बहिऱ्या मुलांच्या शिक्षणात खुणांच्या भाषेला जागा आहे. व्हिक्टरला त्याचा काही उपयोग नव्हता.

इतारने लग्न केलं नाही. शेवटची वर्षं आजारात गेली. १८३७ च्या सुमारास एदुआर सेगाँ नावाचा पंचविशीतला तरुण त्याच्याकडे यायला लागला. त्याच्याकडे एक न बोलणारा, मतिमंद ठरवलेला लहान मुलगा सोपवलेला होता. इतारने आपलं सगळं त्याला सांगितलं, काय जमलं आणि काय फसलं तेही. दीड वर्षात तो मुलगा बोलायला, लिहायला आणि मोजायला शिकला. इतार त्याआधीच, १८३८ च्या जुलैमध्ये, गेला होता. सेगाँ पुढे अमेरिकेत गेला, तिथे अशा मुलांच्या शाळा उभ्या राहायला त्याची मदत झाली. त्याची आणि इतारची पुस्तकं मॉंटेसरीबाईंनी रोममध्ये वाचली, कारण त्यांचं सुरुवातीचं काम अशाच मुलांत होतं. बाईंची पद्धत गिजुभाई बधेकांनी भावनगरला आणली, तिथे त्यांच्याबरोबर ताराबाई मोडक होत्या, आणि १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, ज्यात अनुताई वाघ आल्या. लाकडी फळीतल्या खाचेत त्याच आकाराचा तुकडा बसवायचा, तो ठोकळा आपण सगळ्यांनी बालवाडीत हाताळलाय. आकार जुळवायचा तोच खेळ इतारने व्हिक्टरसाठी फळ्यावर रंगीत कागद चिकटवून केला होता. जुळवायला जमलं की तो आकार वाढवायचा, रंग वाढवायचा, आणि एके दिवशी व्हिक्टरने सगळे तुकडे उचलून जमिनीवर भिरकावले.

शनिवारी माझ्या मावसभावानेही ते केलं. थेरपिस्ट ताईंनी तुकडे गोळा केले, त्यातले चारच परत दिले, आणि बाकीचे कपाटात टाकले.